उगडूं नाका

व्हॉट्सॅपवर फोटो पाठवायचा तो गोल हिरवा बाण. माझा अंगठा त्याच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होता. वर भाच्याचं नाव, मधे फोटो, खाली मी टाइप केलेली ओळ : ‘अरे, हे ओलं झालंय, वाचता येतंय का बघ.’ श्रावण त्याच दिवशी लागला होता. बाहेर ऊन असतानाच कोसळणारा पाऊस, आणि आत जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर वाळत घातलेला एक चौकोनी कागद. कागदावर निळ्या शाईनं, तो पाचवीत असताना लिहायचा त्याच वळणाच्या अक्षरात, बारा इंग्रजी शब्द. अंगठा नेमका का थांबला ते मला अजून सांगता येत नाही. शहाणपण म्हणावं तर ते फोटो काढायच्या आधी यायला हवं होतं. बहुतेक कागदाच्या अगदी वरची ओळ त्या क्षणी पहिल्यांदा नजरेला पडली असावी. शाई फुटून ती अर्धी पुसट झाली होती, पण वाचता येत होती : ‘मावशे, फोटो काडूं नाका.’

पाकीट माझ्याकडं आलं ते गेल्या चवथीला. दीड दिवसाचा गणपती, विसर्जनाला निघायच्या आधीची गडबड, आत कुणी आरतीला वाजवायचं घुमट तापवत बसलेलं, आणि भाचा मला बल्कावावर, पुढच्या दारच्या ओट्यावर, घेऊन गेला. पर्वरीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, बोलतो कमी. खिशातून पाकीट काढलं, तपकिरी चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद केलेलं. “हे तुझ्याकडं ठेव. उगडूं नाका हां.” मी म्हटलं, आईकडं का देत नाहीस? तर म्हणाला, “आईकडं दिलं तर तिन्हीसांजेपर्यंत अख्ख्या वाड्याला कळेल.” आई म्हणजे माझी थोरली बहीण, आणि यात तो एक अक्षरही खोटं बोलत नव्हता. बँकेचे कागद आहेत का विचारलं, तर हसला. “बँकच आहे ती.” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. घरात एवढी माणसं असताना त्यानं आपल्याला निवडलं, हे सुख गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या सगळ्या फळांपेक्षा गोड होतं. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात घरपट्टीच्या पावत्या, सासूबाईंच्या पाटल्यांचं बिल आणि माझं पेन्शनचं पुस्तक असतं, त्याच्या तळाशी पाकीट गेलं.

फोंड्याकडचा पाऊस ज्यांनी अंगावर काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मिरगापासून घराला एक वास सुटतो, ओल्या चिऱ्याचा, न वाळलेल्या चादरीचा, कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलांवर आलेल्या हिरव्या बुरशीचा. मीठ बरणीत पाणी होतं. पुस्तकांची पानं लाटांसारखी वाकतात. त्या सकाळी भिंतीतल्या कपाटाच्या कडेनं मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली, वाळवीची, आणि मी घाईघाईनं सगळं बाहेर काढलं. डब्याच्या तळाला गंज, पाकिटाचा एक कोपरा ओला, आणि चिकटपट्टीचं एक टोक आपणहून सुटलेलं. ते दाबून परत बसवता आलं असतं. एवढं मी प्रामाणिकपणे लिहिते. कागद वाळवायलाच हवा होता हेही खरं, आणि टोक सुटलेलं पाहून मला किंचित आनंद झाला हेही खरं.

सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. समोर शब्दांची यादी आली की ती पाठ होते, त्यावर माझा इलाज नाही. शिवाय त्यातल्या तीन शब्दांनी मिळून डोळ्यांसमोर एक गमतीशीर चित्रच उभं केलं, आणि चित्र लागलं की बाकीचे शब्द त्याला लोंबकळत येतात. ते शब्द आत्ता इथं लिहीत नाही. पुढं लिहीन, आणि तेव्हा ते लिहिले तरी का चालतात तेही कळेल.

वाचलेलं परत पाकिटात घालता येत नाही.

बल्कावावर त्या दिवशी त्यानं मला थोडंफार समजावलं होतं. पेनड्राइव्हसारखं एक यंत्र त्याच्याकडं आहे, हार्डवेअर वॉलेट. मला वाटलं बिटकॉइन, ते कॉम्प्युटरवरचे पैसे, त्याच्यात असतात. तर नाही. पैसे कुठल्याच डबीत नसतात, जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकच जमाखर्चाची वही चालू आहे, ३ जानेवारी २००९ पासून, आणि त्या वहीतली आपली ओळ पुढं सरकवायची सही तेवढी या यंत्रात असते. यंत्र हरवलं, फुटलं, माकडानं पळवलं तरी चालतं, नवं आणायचं आणि हे बारा शब्द त्याच क्रमानं घालायचे, सही परत मिळते. हे शब्द जिच्यातून उचलतात ती मूळ यादी मी नंतर शोधून वाचली. २०४८ शब्द आहेत, अबॅंडनपासून झूपर्यंत, बाराखडीसारखे ओळीनं मांडलेले, आणि कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी येणार नाहीत अशी निवड केलेली. त्यात आंट आहे, अंकल आहे, ट्रस्ट आहे. फरगेटही आहे. बारा शब्द उचलायचे तर शक्यता किती, तर चौतीस लिहून पुढं सदतीस शून्यं. एवढे अंदाज कुणाच्या बापाच्यानं बांधून होत नाहीत. म्हणून चोर अंदाज बांधत बसत नाही, तो मावशीला फोन करतो.

आणि मावशीनं आपणहून फोटो काढून ठेवला होता.

हा पोरगा या फंदात पडला कसा, तर बाकीच्यांसारखाच, लॉकडाउनमध्ये. तेव्हा तो एका एक्स्चेंजच्या, म्हणजे बिटकॉइनच्या बाजाराच्या, ॲपवर घ्यायचा आणि तिथंच ठेवायचा. एका सकाळी ॲप उघडलं तर वर पट्टी : पैसे काढणं तात्पुरतं थांबवण्यात आलं आहे. आकडा दिसत होता, वरखाली होत होता, फक्त हात लावता येत नव्हता. तात्पुरतं म्हणजे किती, ते कुणी सांगेना. त्या काळात तो आमच्याकडं आला की जेवताना असल्याच गोष्टी सांगायचा. टोकियोचं माउंट गॉक्स २०१४ मध्ये बुडालं, साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गेल्याचं त्यांनी सांगितलं. एका कॅनडाच्या एक्स्चेंजचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला, लग्नानंतरच्या सहलीवर आलेला, आणि गिऱ्हाइकांना सांगण्यात आलं की तिजोऱ्यांचा पासवर्ड एकट्या त्यालाच ठाऊक होता. पुढं चौकशीत निघालं की तिजोऱ्या आधीच रिकाम्या होत्या. जयपूर म्हटल्यावर आमच्याकडं सगळ्यांचे कान टवकारले. लांबच्या देशातली बुडवाबुडवी ती, पण माणूस मेला तो आपल्या अंगणात.

पण गोंयकाराला ही गोष्ट नवी कुठं आहे? एकसष्टच्या डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या तोंडावर, बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेत लोकांनी गहाण ठेवलेलं सोनं लिस्बनला निघून गेलं. लोकांच्या हातात पावत्या राहिल्या. दागिने परत आले ते १९९१ मध्ये. तोवर पोर्तुगिजांचा रुपिया जाऊन आलेला एस्कुदोही गेला होता, भारताचा रुपया येऊन मुरला होता, आणि पावती धरून बसलेली कितीतरी माणसं राहिली नव्हती. आमच्या घरचं त्यात काही नव्हतं, पण बातमी आली त्या दिवशी सासूबाई विळीवर बसून माडाचं चूड चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तीस वर्षांनी नथ परत आली, नाक जाग्यावर आहे का ते कोण बघणार?” एक्स्चेंजच्या पट्टीबद्दल भाच्यानं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हे.

सासूबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, त्यामुळं त्यांचं सोनं भाताच्या कणगीत असायचं. तीही काही फार शहाणपणाची जागा नव्हे. स्वतःकडं ठेवलं की दुसऱ्याच्या बुडवण्याची भीती जाते आणि स्वतःच्या वेंधळेपणाची सुरू होते. वेल्समधल्या न्यूपोर्टचा जेम्स हॉवेल्स २०१३ पासून कितीतरी वर्षं नगरपालिकेच्या कचऱ्याच्या डोंगराकडं बघत बसला, त्याची हार्ड डिस्क घरच्या कचऱ्याबरोबर तिकडं गेली, आठ हजारांच्या आसपास बिटकॉइन होते म्हणतात. बरं, त्याला वाळवी नव्हती. इथं कागदावर लिहून ठेवणं म्हणजे श्रावणात पापड वाळत घालणं.

मामंजी आमच्या देवळाचे खजिनदार होते. देवाच्या पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या, तीन महाजनांच्या घरी. तिघं जमले की पेटी उघडणार, नाहीतर नाही. मामंजी किल्ली जानव्याला बांधायचे, आंघोळीलाही काढायचे नाहीत. व्यवस्था उत्तम, पण एका वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी तिसरे महाजन बेळगावला इस्पितळात पडले आणि किल्ली त्यांच्या उशाखाली. देवाची चांदीची प्रभावळ पेटीत. शेवटी लोहार आणला, आणि भटजी मंत्र म्हणत असताना त्यानं कुलपावर घण घातला, ते मी पाहिलंय. भाच्याला ही गोष्ट भयंकर आवडते. बिटकॉइनवाल्यांच्यातही अशी पेटी असते म्हणे, बऱ्याच सह्यांची. फक्त तिथं तिघांपैकी कुणीही दोघं पुरे, अशी सोय करून ठेवतात. मामंजींना हे सुचायला हवं होतं.

नाणं घ्यायचं कुठलं, हा प्रश्न मला पडायचं कारण नव्हतं, पण आमच्या शाळेतल्या एका बाईंमुळं पडला. त्यांना कुणीतरी ग्रुपमध्ये घातलं, एक नाणं, एक ॲप, रोजचं व्याज. ॲपवर आकडा रोज वाढायचा, स्टाफरूममध्ये आम्हाला दाखवायच्या, पेढेही दिले एकदा. काढायला गेल्या तर निरोप आला, आधी कर भरा. तो भरला, तर मग ‘पडताळणी शुल्क’. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरावर, फोन करेपर्यंत दोन आठवडे गेले होते, आणि त्या नंबरावर पहिल्या काही तासांत फोन गेला तर उपयोग. भाचा म्हणाला, पैसे घालून कुणी ॲप तपासतं का? काढून तपासायचं. आणि सरकारचा कर ॲपच्या मालकाला कधी देतात? खरा कर आहेच की, एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करून मिळत नाही, शिवाय विकताना १ टक्का टीडीएस. पण तो रिटर्नमध्ये भरायचा. तो स्वतः बिटकॉइन सोडून फारसं काही घेत नाही. ते २ कोटी १० लाखांपलीकडं निघणार नाहीत एवढं तरी लिहून ठेवलेलं आहे, म्हणतो. बाकीच्या कितीतरी नाण्यांचा मोठा वाटा ती काढणाऱ्याच्याच खिशात असतो. मला विचाराल तर मला त्यात मटक्याचाच वास येतो, आणि गोंयात वाढलेल्या माणसाला तो वास कळतो. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, वास येतो तेवढाच ठेव, खेळू नको. त्यामुळं मी काही घेतलेलं नाही. माझ्याकडं होतं ते फक्त पाकीट.

चार दिवस गप्प राहिले. फोटो काढून टाकला होता, कागद वाळवून पाकिटात, पाकीट डब्यात, डबा वरच्या फळीवर. झालं गेलं. पण रात्री पडल्या पडल्या ते चित्र समोर यायचं आणि त्याच्या मागून एकेक शब्द ओळीत उभा राहायचा, हजेरी दिल्यासारखा. मी चोरी करणार नव्हते. मला करताही आली नसती, यंत्राची कुठली कळ कुठं असते तेही ठाऊक नाही. तरीही त्या मुलाची सगळी शिल्लक माझ्या डोक्यात होती, सत्यनारायणाच्या आरतीच्या आणि किराणाच्या यादीच्या मधे कुठंतरी. सोन्याचं बरं असतं, ते बघितल्यानं आपलं होत नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी तो आला. मी पातोळ्यांची तयारी करत होते, हळदीची पानं धुऊन पुसून ठेवलेली, त्यांच्या वासानं घर भरलेलं, तांदळाचं पीठ बोटांना चिकटलेलं. तो खाली बसून नारळ खोवत होता. तसंच पानावर पीठ सारवत सारवत सांगितलं, त्याच्याकडं न बघता. खोवायचा आवाज थांबला.

“पाठवलास?”

“नाही.”

“फोनचा बॅकअप चालू आहे?”

मला कुठं माहीत. त्यानं हात धुतले, फोन घेतला, आणि बराच वेळ खालीवर करत राहिला. फोटो केव्हाच वर गेला होता, इंटरनेटच्या ढगात. काढून टाकलेलाही तिथल्या कचरापेटीत जसाच्या तसा पडून होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “नारळ पुरे का बघ. मी पर्वरीला जाऊन येतो.” आणि त्या पावसात गाडी काढून गेला. फोंडा ते पर्वरी आणि परत. मी पातोळ्या उकडायला ठेवल्या आणि घड्याळाकडं बघत बसले.

परत आला तो लॅपटॉप आणि दोन यंत्रं घेऊन. एक जुनं, एक कोरं, ते बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागवलेलं, खोकं त्यानं माझ्यासमोर फोडलं. कुणी वापरलेलं, स्वस्तात मिळालेलं असलं यंत्र कधी घ्यायचं नाही, आणि खोक्यात आधीच छापलेले शब्द निघाले तर ते चोराचेच समजायचे. कोऱ्या यंत्राच्या नखाएवढ्या पडद्यावर नवे शब्द उमटायला लागले. तो वही घेऊन लिहायला बसला, आणि मी भांडी घासायला उठले. मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. नळ जरा जोरातच सोडला.

नंतर त्यानंच हाक मारली. यंत्रावर बिटकॉइन पाठवायचा नवा पत्ता आला होता, बेचाळीस अक्षरांचा, आणि लॅपटॉपवरचा त्याच्याशी ताडून बघायचा होता. लोक पहिली चार नि शेवटची चार बघतात, आणि तेवढंच जुळवलेले खोटे पत्ते चोर मधे सोडून ठेवतात. “तू शुद्धलेखन घाल, मी तपासतो.” मग मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, बी, सी, एक, क्यू, शाळेत घालायची तस्संच, सावकाश, दोनदा. त्या लिपीत ‘बीसीएक’ या सुरुवातीनंतर एकचा आकडा, बी, आय आणि ओ येतच नाहीत, शून्य-ओची गल्लत नको म्हणून. ज्यानं हे ठरवलं त्यानं नक्की कधीतरी पोरांच्या वह्या तपासल्या असणार. आधी अगदी थोडी रक्कम पाठवली. ती पोचेपर्यंत दहाएक मिनिटं लागतात म्हणाला. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपच्या उजेडात आम्ही दोघं पातोळ्या खात बसलो, काही न बोलता, आणि बाहेर पोदेराचा, पाववाल्याचा, पों-पों आला तशी मी छत्री घेऊन चार उंडे घ्यायला गेले. परत आले तर तो म्हणाला, “पोचले.” मग बाकीचे हलवले. जुना कागद चुलीत घातला. ओल राहिली होती, धुमसत बसला.

ते शब्द आता लिहायला हरकत नाही : अम्ब्रेला, लॅडर, कोकोनट. छत्री उघडून शिडीनं माडावर चढणारा पाडेली. उरलेले नऊही ओळीनं सांगते हवं तर. रिकाम्या घराची किल्ली आहे ती. आता त्या पत्त्यावर कुणी काही पाठवू नये म्हणजे झालं.

या चवथीला तो पुन्हा मला बल्कावावर घेऊन गेला. पाकीट या वेळी जड होतं. आत कागदाऐवजी स्टीलची पट्टी, त्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं, प्रत्येक शब्दाची पहिली चार, तेवढी पुरतात. वाळवीला आता हे काही खाता यायचं नाही, असं म्हणून मी हसले. मग त्यानं सांगितलं की यातल्या बारा शब्दांनी आता सगळं उघडत नाही. वरून एक शब्द त्यानं स्वतःचा घातलाय, तो पुण्याला ताईकडं आहे. “तेरावा शब्द म्हणतात त्याला.” तेरावा म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. तो म्हणाला, “त्यानंतरच लागायचा ना तो, मावशे.” नुसत्या बारा शब्दांनीही एक पाकीट उघडतं, त्यात त्यानं थोडेसे ठेवलेत. ते हलले की त्याला कळेल.

कुणी वाचलं ते, असं तो म्हणाला नाही.

रात्री विसर्जन करून सगळे परतले, निजानीज झाली, तेव्हा डबा काढला. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. नुसतं दुमडून दिलं होतं, घरपट्टीची पावती देतात तसं. मी स्वयंपाकघरातल्या खणातून तपकिरी चिकटपट्टी शोधून आणली, आणि डोळे दुसरीकडं करून चारी बाजूंनी लावली.